जमिनीवरचं पाणी टिपणारे छोटे उपग्रह

मोबाइलवर रस्ता दाखवणारे जीपीएसचे संकेत सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून येतात. जमिनीवर आदळल्यावर त्यांचा काही भाग पुन्हा अवकाशात जातो. हा परतीचा संकेत टिपून समुद्राची मोजणी करावी, अशी कल्पना युरोपीय अवकाश संस्थेतील मॅन्युएल मार्टिन-नेइरा यांनी 1993 मध्ये मांडली.

रडार उपग्रहाला स्वतः लहरी सोडाव्या लागतात; त्यासाठी भरपूर वीज आणि मोठा अँटेना लागतो. इथे लहरी सोडण्याचं काम जीपीएस करतंच आहे, उपग्रहाने फक्त ऐकायचं. म्हणूनच डिसेंबर 2016 मध्ये नासाने सोडलेल्या ‘सिग्नस’ मोहिमेतल्या आठ उपग्रहांचं वजन प्रत्येकी तीस किलोच्या आतबाहेर आहे. ते सोडले होते चक्रीवादळातले वारे मोजण्यासाठी. पण जमिनीवरून जातानाही त्यांचे संकेतग्राहक चालूच राहिले आणि त्या नोंदींतून पाण्याचा पत्ता लागला.

कोरड्या मातीवर पडलेल्या लहरींपैकी बराच भाग आत शिरून विरतो. माती भिजली की परावर्तन वाढतं. तळं किंवा पुराचं संथ पाणी तर आरशासारखं वागतं: खवळलेल्या समुद्रावरून विखरून येणाऱ्या संकेताऐवजी एकच ठळक शिखर उमटतं. थेट आलेला आणि परावर्तित संकेत यांची उपग्रह तुलना करतो. किती उशीर झाला, वारंवारता किती सरकली आणि ताकद किती उरली, यावरून खालच्या जमिनीचा अंदाज बांधला जातो. सुमारे 19 सेंटिमीटर लांबीच्या या लहरी ढगांतून सहज पार होतात, झाडीतूनही बऱ्याच अंशी. पुराच्या ऐन दिवसांत साध्या कॅमेऱ्याला नुसते ढग दिसतात, तेव्हा हा गुण फार मोलाचा ठरतो. 2017 मध्ये हार्वे वादळाने टेक्सासमध्ये आणलेला पूर या नोंदींत दिसला.

सिग्नसचे उपग्रह साधारण 38 अंश उत्तर ते 38 अंश दक्षिण एवढ्याच पट्ट्यावर नजर ठेवतात. महाराष्ट्र त्यातच येतो. मर्यादाही आहेत. ओलावा कळतो तो वरच्या काही सेंटिमीटरचा. खडबडीत जमीन आणि दाट जंगल हिशेब बिघडवतात, आणि परावर्तनाची जागा दर वेळी बदलत असल्याने नकाशा तुकड्यातुकड्यांनी भरत जातो. त्यामुळे नदीवरची पातळीमापक केंद्रं आणि पर्जन्यमापक यांना हा पर्याय नाही. जिथे ती नाहीत, तिथे मात्र त्याचा मोठा आधार आहे.

नोव्हेंबर 2025 मध्ये युरोपीय संस्थेने याच पद्धतीने काम करणारे ‘हायड्रोजीएनएसएस’ मोहिमेचे दोन उपग्रह सोडले. ते ध्रुवीय कक्षेत असल्याने उत्तरेकडच्या गोठलेल्या जमिनीचीही नोंद घेऊ शकतात.