‘दोन नंबर मोठंच द्या’: स्केटच्या मापाचे गैरसमज

सोलापुरात बर्फ दिसतो तो रसवंतीत नाहीतर गोळ्याच्या गाडीवर. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडणाऱ्या गावात आइस हॉकीच्या बुटांचं माप हा विषय काढला, तर कुणीही हसेल. पण आपल्याकडे बर्फाची वाट चाकांवरूनच जाते. स्केटिंगच्या संध्याकाळच्या बॅचला सिमेंटवर पडत-उठत शिकणारी पोरं पुढे इनलाइनवर येतात, त्यातली काही इनलाइन हॉकीत जातात आणि मोजकी बर्फावर पोचतात. जानेवारी २०२५मध्ये लेहला झालेल्या ‘खेलो इंडिया’ हिवाळी स्पर्धांत आइस स्केटिंगमध्ये महाराष्ट्राचे खेळाडू उतरले होते. त्याआधी, ऑक्टोबर २०२३मध्ये, हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत चाकांवरच्या ३००० मीटर रिलेत भारताच्या पुरुषांनी कांस्यपदक मिळवलं. त्या चौघांत सिद्धांत कांबळे आणि विक्रम इंगळे ही दोन मराठी नावं होती.

आइस हॉकीचा बूट आणि इनलाइन हॉकीचा बूट यांत तळाच्या वर फारसा फरक नसतो. एकाच्या तळाला पोलादी पातं, दुसऱ्याच्या तळाला ओळीने चार चाकं. त्यामुळे मापाच्या चुकाही त्याच, आणि त्यांची सुरुवात लेहला नाही, आपल्या बाजारातल्या दुकानात होते.

‘मालक, वाढता पाय हाय की ओ, दोन नंबर मोठंच द्या.’ हे वाक्य ज्या गावाने देशभरच्या शाळांचे गणवेश शिवले, त्या गावात नवलाचं नाही. गणवेश वाढत्या अंगाचाच घेतात. पँटची दुमड वर्षभराने उसवून खाली सोडता येते. बुटाला दुमड नसते. आपल्या दुकानांत चालणाऱ्या ब्रिटिश नंबरांत एक नंबर म्हणजे एक तृतीयांश इंच, म्हणजे साधारण साडेआठ मिलिमीटर. दोन नंबर मोठा घेतला की बुटात सतरा मिलिमीटर रिकामी जागा. चालताना ही जागा खपून जाते, कारण चालताना पाय पुढे-मागे ढकलतो. स्केटिंगमध्ये पाय बाजूला ढकलायचा असतो. हॉकीच्या पात्याची जाडी जेमतेम तीन मिलिमीटर. त्याला खालून खोलगट धार लावलेली असल्याने दोन कडा तयार होतात आणि खेळाडू कधी आतल्या, कधी बाहेरच्या कडेवर झुकत असतो. हे झुकणं घोट्यातून निघून टाचेमार्गे पात्यात उतरतं. टाच बुटात उचलली जात असेल, तर पाय आधी बुटात हलतो आणि मग बूट हलतो. वळताना पोरगं उशिरा वळतं ते यामुळे. आपण समजतो, त्याला अजून जमत नाही.

मग वाढीसाठी जागा ठेवायचीच नाही का? ठेवायची, पण मोजून. मोज्यासह पाय आत घाला, नाडी बांधू नका, बोटं पुढे टेकेपर्यंत पाय सरकवा. टाचेमागे तुमचं एक बोट जेमतेम जात असेल, तर वाढत्या मुलाला तेवढी जागा पुरे. दोन बोटं गेली तर तो बूट पुढच्या वर्षीचा आहे, या वर्षी घेऊ नका. मोठ्या माणसाला ही बोटभर जागाही नको. नाडी बांधून ताठ उभं राहिल्यावर बोटांची टोकं पुढच्या टोपीला हलकी लागली पाहिजेत आणि गुडघे वाकवून खेळाच्या पवित्र्यात आल्यावर ती किंचित मागे सरली पाहिजेत. इथेच नवखे फसतात. दुकानात ताठ उभे राहतात, बोट लागलं म्हणून घाबरतात आणि वरचा नंबर मागतात. गुडघे वाकवूनच बघायला हवं.

दुसरा घोळ नंबराचा. ‘माझा बूट आठचा, म्हणजे स्केटही आठचा,’ असं कुणी म्हटलं की समजावं, पार्सल परत जाणार. बाउअर, सीसीएमसारख्या कंपन्यांच्या आइस हॉकी बुटांवरचा नंबर रोजच्या अमेरिकी नंबरापेक्षा साधारण एक ते दीडने कमी असतो. हे अनेकांना इंटरनेटवरून कळलेलं असतं आणि त्यातून नवीच चूक होते: लोक आपल्या आठातून दीड वजा करून साडेसहाचा बूट मागवतात. पण आपला आठ हा ब्रिटिश आठ. अमेरिकी मापात तो नऊच्या आसपास जातो. त्या नवातून एक-दीड वजा करायचा असतो, म्हणजे उत्तर साडेसात ते आठ. बहुतेक लोकांना ही बेरीज-वजाबाकी नको असते आणि त्यांचं बरोबरच आहे. पेटीवर अमेरिकी, ब्रिटिश आणि युरोपियन आकड्यांच्या शेजारी बहुतेक वेळा सेंटिमीटर किंवा मिलिमीटरही छापलेले असतात. तेवढेच वाचा. नंबर कंपनीगणिक बदलतात, सेंटिमीटर बदलत नाही.

पाय मोजायला यंत्र लागत नाही. भिंतीला टेकवून कोरा कागद ठेवा, मोजे घालून टाच भिंतीला लावून त्यावर उभे राहा, दोन्ही पायांवर सारखा भार द्या. पेन्सिल अगदी उभी धरून सगळ्यांत लांब बोटापुढे खूण करा. अंगठाच लांब असतो असं नाही, कित्येकांचं शेजारचं बोट पुढे असतं. मग पंजाच्या सर्वांत रुंद भागाच्या दोन्ही बाजूंना खुणा. दोन्ही पाय मोजा. सारखे निघाले नाहीत तर मोठा पाय धरा. आणि हे संध्याकाळी करा. दिवसभर उभं राहून, त्यातून आपल्याकडच्या उन्हाळ्यात, पाय थोडे फुगलेले असतात, आणि स्केटिंगची बॅचही संध्याकाळचीच असते.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. ‘बाजूने दाबतोय, म्हणजे नंबर वाढवा.’ माझ्या मते मोठे बूट घेण्याचं खरं कारण वाढता पाय नाही, हे आहे. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशात ७९ ठिकाणी एक लाखाहून जास्त लोकांचे पाय त्रिमितीय स्कॅनरने मोजले. भारतीयांसाठी पादत्राणांच्या मापाची स्वतंत्र पद्धत तयार करायची होती. ‘भा’ असं तिचं नाव सुचवलं गेलं. त्यात दिसलं ते असं की आपले पाय युरोपीय-अमेरिकी पायांपेक्षा सर्वसाधारणपणे रुंद आहेत. परदेशी साच्यावरचा अरुंद बूट दाबतो, म्हणून आपण लांबीला मोठा बूट घेतो. रुंदी भागते, लांबी फुकट वाढते आणि ती नाडी आवळून झाकली जाते. साध्या बुटात हे चालून जातं. स्केटमध्ये टाच मोकळी होते आणि मघाचीच गोष्ट पुन्हा.

यावर उपाय आहे, पण आपल्या दुकानांत तो सहसा कुणी सांगत नाही. हॉकी स्केट एकाच लांबीत वेगवेगळ्या रुंदीचे मिळतात. बाउअरमध्ये पूर्वी डी आणि रुंद पायासाठी डबल ई अशी अक्षरं असायची, आता फिट एक, दोन, तीन. सीसीएममध्ये टेपर्ड, रेग्युलर, वाइड. त्यामुळे पंजा दाबला तर आधी रुंदी बदलून बघा, लांबीला हात लावू नका. खोलीचीही एक जुनी परीक्षा आहे. बूट घाला, नाडी सैल सोडा आणि वरून तिसऱ्या जोडीच्या भोकांवर पेन्सिल आडवी ठेवा. दोन्ही कडांवर ती सपाट बसली तर बूट पुरेसा खोल आहे. पायाच्या उंचवट्यावर टेकून डुगडुगली तर तुमच्या पायाला तो बूट उथळ आहे. नाडी बांधल्यावर वरून टोचणारच. उंच पायाच्या माणसाने लांबी कितीही वाढवली, तरी हे टोचणं जात नाही.

‘त्याचे घोटेच कमजोर आहेत’ हे वाक्य क्लासच्या कट्ट्यावर बसलेल्या पालकांत फार चालतं. पोराचे पाय आत कलतात, गुडघे एकमेकांना भिडतात, मग घरी तेलमालिश सुरू होते. काही मुलांना खरंच पायांचा त्रास असतो, त्यांना डॉक्टरांकडे न्यावं. पण आधी बूट काढून चाकं उलटी करून बघा. आतल्या कडा झिजून चाकं तिरकी झाली असतील, तर पोरगं बरेच दिवस कलत्या पायांनीच चाललंय. मग त्याच्या बुटाची लांबी मोजा. बूट मोठा असला की वरच्या कॉलरचा आधार घोट्याला मिळत नाही. घोटा मधल्या रिकाम्या जागेत कुठेतरी पडतो. मापाचा बूट घातल्यावर त्याच संध्याकाळी सरळ उभी राहिलेली मुलं कोणत्याही कोचने पाहिलेली असतात. चाकं तेवढी अदलाबदल करून फिरवून लावा.

मोज्यांबद्दल थोडक्यात. दोन मोजे घातले की पाय गच्च बसतो, बर्फावर गरमही राहतो, ही समजूत उलटी आहे. जाड मोज्याने बोटांना हलायला जागा उरत नाही, रक्त फिरत नाही आणि लेहच्या थंडीत बोटं उलट लवकर बधिर होतात. सोलापुरात थंडीचा प्रश्न नाही, घामाचा आहे. ओला जाड मोजा आत गोळा होतो आणि फोड आणतो. पातळ, घट्ट, घाम शोषून वाळणारा एकच मोजा बास.

नाडीचंही तसंच. पायाचा रंग बदलेपर्यंत ती आवळणारे बाप मी पाहिलेत. नाडी बांधायच्या आधी टाच जमिनीवर ठोकून मागे बसवायची. खालची दोन-तीन भोकं सैलसर, मधली, पाय वाकतो तिथली, घट्ट, आणि वरची एवढीच की गुडघा पुढे वाकेल. वरची नाडी करकचून बांधली की घोट्याच्या समोरच्या शिरा दाबल्या जातात. दोन दिवसांनी तिथे हात लागला तरी पोरगं ओरडतं. अशा वेळी एखादं भोक सोडून नाडी ओवायची आणि वरची पेन्सिल-परीक्षा करायची.

आपल्याकडच्या टेनासिटी स्केटची एक वेगळी गंमत आहे. बॅचला नवा आलेला पोरगा बहुधा यावरच उभा राहतो: लोखंडी पट्टी, खाली चार चाकं, वरून पट्टे, आणि आत रोजचा शाळेचा बूट. चावीने पट्टी लांब-आखूड होते, म्हणून मापाची काळजीच नाही असं सगळे धरून चालतात. पण इथे पाय पट्टीत नसतो, शाळेच्या बुटात असतो. तो बूट ‘पुढच्या वर्षीही चालावा’ म्हणून घेतलेला असला, तर लोखंडी पट्टी कितीही अचूक बसवा, पाय आत घसरतोच. टेनासिटीवर चालणाऱ्या मुलाला पायाच्या मापाचे, नाडीचे, सपाट तळाचे कॅनव्हास बूट द्या. ॲडजस्टेबल इनलाइनचंही थोडंफार असंच. बटण दाबून तीन-चार नंबरांची लांबी वाढते. रुंदी आणि टाचेची वाटी बहुतेक वेळा तेवढीच राहते.

‘वापरून वापरून बसेल’ हेही अर्धंच खरं. हॉकीचे चांगले बूट तापवून पायाच्या आकारात बसवता येतात. दुकानातल्या खास ओव्हनमध्ये, साधारण ८० अंश सेल्सिअसला, कंपनी सांगेल तितकी मिनिटं. मग ते घालून, नाडी बांधून नुसतं बसून राहायचं. घोट्याजवळचा एखादा उंचवटा त्याने सामावला जातो. एक नंबर लहान असलेला बूट मात्र त्याने मोठा होत नाही, आणि मोठा असलेला लहान तर नाहीच. घरच्या ओव्हनमध्ये किंवा हेअर ड्रायरने हा प्रयोग करू नका. आणि मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डिकीत स्केट विसरू नका; आतला डिंक सुटतो.

राहिला जुन्या बुटांचा प्रश्न. लडाखमध्ये सुरुवातीला लोकांनी लष्करी बुटांना पाती ठोकून हॉकी खेळली आणि नंतर बरीच वर्षं परदेशातून दान आलेल्या वापरलेल्या साहित्यावर भागवलं. तिथल्या मुलींनी भरलेला भारताचा महिला संघ २०१६मध्ये पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरला आणि २०२५च्या आशिया चषकात कांस्यपदक घेऊन आला. तेव्हा दुसऱ्याचा बूट घालून खेळणं कमीपणाचं नाही, हे वेगळं सांगायला नको. पण तापवून दुसऱ्याच्या पायावर बसवलेला बूट घेताना आत हात घालून बघा. टाचेजवळचं अस्तर फाटलेलं किंवा घोट्याची गादी बसलेली असेल तर स्वस्त मिळतोय म्हणून घेऊ नका. अस्तर काढता येणाऱ्या कडक कवचाच्या बुटांना ही अडचण कमी. नवं अस्तर घातलं की झालं.

क्लास चालवणाऱ्या कोचना म्हणूनच एक विनंती. हजेरीच्या वहीत प्रत्येक मुलाच्या नावापुढे त्याच्या दोन्ही पायांची लांबी आणि रुंदी सेंटिमीटरमध्ये लिहून ठेवा आणि दर तीन महिन्यांनी पुन्हा मोजा. लहान पडलेला बूट कुणाच्या पायाला होईल हे मग त्या वहीतच दिसेल, आणि बॅचमधल्या बॅचमध्ये बूट फिरायला लागले की ‘दोन नंबर मोठंच द्या’ म्हणायची वेळ पालकांवर येणार नाही.