घोडा, स्वार आणि मधली रेघ

मुंबईच्या काळा घोडा परिसराचं एखादं जुनं पोस्टकार्ड घ्यावं. उंच चौथऱ्यावर घोडा, त्यावर बसलेला प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे पुढचा सातवा एडवर्ड, आणि भोवती मोकळा, ऐसपैस रस्ता. बोएम या शिल्पकाराचा हा पुतळा अल्बर्ट ससून यांनी शहराला दिला आणि १८७९ साली तो उभा राहिला. १९६५ मध्ये त्याला तिथून हलवलं. पुढची पन्नासहून अधिक वर्षं तिथं घोडा नव्हता, तरी लोकांच्या तोंडी नाव काळा घोडाच राहिलं. २०१७ साली पुन्हा एक काळा घोडा आला. त्याच्या पाठीवर मात्र कुणी नाही.

जुनं आणि आजचं छायाचित्र एकाच चौकटीत मिसळणाऱ्यांसाठी यापेक्षा बोलकी जागा शोधून सापडायची नाही.

हे काम वाटतं तितकं सोपं नाही. सगळ्यात जास्त वेळ जातो तो जुना कॅमेरा नेमका कुठे उभा होता हे शोधण्यात. त्यासाठी जवळची आणि लांबची अशा दोन वस्तू पकडायच्या. समजा, जुन्या चित्रात डेव्हिड ससून ग्रंथालयाच्या कमानीची कड मागच्या इमारतीच्या एका खिडकीला चिकटलेली दिसते. आज तीच कड खिडकीच्या मध्यावर येत असेल, तर पाऊलभर बाजूला सरकायचं आणि पुन्हा बघायचं. जागा चुकली तर भिंगं बदलून काहीही उपयोग होत नाही, कारण कोण कुणाला झाकतं हे कॅमेऱ्याच्या जागेवरच ठरतं. उंचीचंही तेच. जुनं चित्र पहिल्या मजल्याच्या सज्जातून टिपलेलं असेल, तर रस्त्यावर उभं राहून ते कधीच जुळणार नाही. मोबाइल वर कलवला की इमारती मागे झुकतात. जुन्या प्लेट कॅमेऱ्यात भिंग वर सरकवायची सोय असे, म्हणून त्या चित्रांतल्या भिंती ताठ दिसतात.

चित्राचा काळ त्यातल्या वस्तूच सांगतात. घोड्यांची ट्राम मुंबईत १८७४ साली सुरू झाली आणि विजेची १९०७ साली. म्हणून रस्त्यावर ट्रामच्या विजेच्या तारा दिसल्या की चित्र १९०७च्या आधीचं नाही हे नक्की. जहांगीर कलादालन दिसलं तर ते पन्नाशीच्या दशकातलं किंवा नंतरचं, कारण ते १९५२ साली उघडलं. ट्राम ३१ मार्च १९६४ला कायमची थांबली आणि पुढच्याच वर्षी पुतळाही गेला.

जगात हे काम अनेकांनी केलंय. अमेरिकेत मार्क क्लेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ ते १९७९ या काळात एकोणिसाव्या शतकातल्या भूदृश्यांच्या जागा पुन्हा गाठून तिथूनच चित्रं घेतली. सर्गेई लारेन्कोव यांनी लेनिनग्राडच्या वेढ्यातली माणसं आजच्या सेंट पीटर्सबर्गच्या रस्त्यांत मिसळली. उपासमारीच्या ८७२ दिवसांमधली ती माणसं आजच्या गाड्यांच्या शेजारून चालताना दिसली की अंगावर काटा येतो.

पण दोन चित्रं जोडण्याची कला मुंबईला नवी नाही. विल्यम जॉन्सन या छायाचित्रकाराने मुंबईतल्या जातीजमातींवर दोन खंड काढले, १८६३ आणि १८६६ साली. त्यातल्या बऱ्याच चित्रांत माणसं स्टुडिओत टिपलेली आहेत आणि मागचं दृश्य वेगळ्याच छायाचित्रातून आणून जोडलेलं आहे. जोड कळू नये हाच त्यात हेतू. आज हे काम करणाऱ्याने नेमकं उलट करावं. जोड दिसू द्यावी. रस्त्याची कड, खिडक्यांची रांग, छताची रेषा असे पक्के दुवे जुळवावेत, पण जिथे जुळत नाही तिथे रंग ओढून चूक बुजवू नये, कारण बदल तिथेच घडलेला असतो.

एस्प्लनेड मॅन्शनचंच पाहा. १८६९ साली लोखंडी सांगाड्यावर उभं राहिलेलं हे वॉटसन हॉटेल. ७ जुलै १८९६ला ल्युमिएर बंधूंचा सिनेमा मुंबईकरांनी पहिल्यांदा पाहिला तो इथेच. जुन्या चित्रांत त्याचे सज्जे मोकळे आहेत. पुढे आत लहान लहान गाळे पडले आणि सज्जे फळ्यापत्र्यांनी बंद होत गेले. सांगाडा अगदी तंतोतंत जुळतो, सज्जे जुळत नाहीत. मिसळलेल्या चित्रात सीमारेषा त्या सज्ज्यांवरून न्यावी, म्हणजे एकाच मजल्यावर अर्धा वारा खेळता आणि अर्धा कोंडलेला दिसतो.

आणि पुतळ्याचं काय? खरा स्वार आजही भायखळ्याच्या राणीच्या बागेत आहे. जुन्या पोस्टकार्डातल्या कोनातून तिथे त्याचं छायाचित्र घेता येतं. घोडा तोच, लगाम धरलेला हात तोच, मागे मात्र ससून ग्रंथालयाच्या जागी झाडं.