माणशी 17 गुंठे

अख्खा गोवा 3,702 चौरस किलोमीटरांचा. तिथले किनारे, खाजणं, सह्याद्रीतली जंगलं सगळं सपाट करून घरं, रस्ते आणि पार्किंग उभारलं असतं, तरी 1990 सालचं अटलांटा त्यात मावलं नसतं. अमेरिकेतल्या या शहराचा बांधलेला भाग तेव्हा 4,280 चौरस किलोमीटर होता आणि वस्ती फक्त 25 लाख. त्याच वेळी स्पेनमधल्या बार्सिलोनात 28 लाख लोक राहत होते, 162 चौरस किलोमीटरांत. गोवा भरून अटलांटाचा जो तुकडा बाहेर लोंबेल, तेवढ्यावर तीन बार्सिलोना बसतील आणि वर जागा उरेल.

ही तुलना नगररचनाकार अलँ बर्तो यांची. आपल्या मापात मांडली तर अटलांटात माणशी 17 गुंठे पडतात, बार्सिलोनात अर्ध्या गुंठ्याहून जरासं जास्त. चौघांच्या घराला पावणेदोन एकर! सातबारावर नव्हे अर्थात. रस्ते, मॉल, ऑफिसं, गाड्या उभ्या करायची मैदानं असं सगळं वाटून.

मग मेट्रो बांधा ना, असं कुणीही म्हणेल. तेव्हा बार्सिलोनात 99 किलोमीटर मेट्रो आणि 136 स्टेशनं होती, आणि 60 टक्के लोक स्टेशनपासून 600 मीटरांच्या आत राहत. अटलांटाकडेही 74 किलोमीटरांची मेट्रो होती. पण स्टेशनच्या 800 मीटरांत राहणारे जेमतेम 4 टक्के. बार्सिलोनाइतकी सोय करायची तर अटलांटाला आणखी 3,400 किलोमीटर रूळ आणि 2,800 स्टेशनं बांधावी लागतील, असा बर्तोंचा हिशोब. न्यूयॉर्कच्या अवाढव्य सबवेला स्टेशनं आहेत 472. म्हणजे सहा न्यूयॉर्क, तीही पंचवीस लाखांसाठी. तिकिटाच्या पैशांत तर दिवाबत्तीही निघणार नाही.

म्हणून गाडी. अल्फारेटासारख्या उपनगरात राहणाऱ्या कुणालाही, आणि त्यात मराठी कुटुंबं बरीच आहेत, शहराच्या मध्यात नोकरीला जायचं तर जाऊन-येऊन साधारण 80 किलोमीटर पडतात. लिटरला 10 किलोमीटर धरले तर रोजचं 8 लिटर पेट्रोल. लिटरभर पेट्रोलचं वजन सुमारे पाऊण किलोच असतं, पण जळताना त्यातला कार्बन हवेतला ऑक्सिजन ओढून घेतो आणि मागे सुमारे 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड सोडतो. दिवसाला 18 किलो. कामाचे 250 दिवस धरा, वर्षाला साडेचार टन, एका माणसाचा, तोही फक्त ऑफिसपुरता. या माणसाला हवामानाची कितीही चाड असो, दूध आणायलासुद्धा त्याला किल्लीच शोधावी लागते. विजेच्या गाडीने धूर कमी होईल. 80 किलोमीटर काही कमी होणार नाहीत.

बार्सिलोनाचा नकाशा मात्र पेट्रोलच्या गाडीच्याही आधीचा. 1859 मध्ये इल्देफोन्स सेर्दा यांनी तो आखला: 113 मीटर बाजूचे चौरस, मध्ये 20 मीटरांचे रस्ते, आणि वळताना समोरचं दिसावं म्हणून प्रत्येक चौरसाचे चारही कोपरे तिरके छाटलेले. इमारती दोनच बाजूंना, मध्ये बाग, असा त्यांचा आग्रह होता. जमीनमालकांनी चारही बाजू बांधून काढल्या, वर मजले चढवले, बागा गिळल्या. सेर्दांची योजना फसली म्हणायची, पण त्या लोभातून आलेल्या दाटीमुळेच आज तिथे पायी जाण्याच्या अंतरावर सगळं मिळतं. सावलीची उणीव मात्र राहिलीच. ती भरायला शहराने काही ठिकाणी नऊ-नऊ चौरसांचा एकेक गट करून आतल्या रस्त्यांवरची गाड्यांची वर्दळ कमी केली आणि तिथे झाडं लावली.

दाटीचं गुणगान मुंबईकरांसमोर करायची माझी टाप नाही. लोकलच्या दारात लटकणारा माणूस हवामानावर उपकार करतोय, हे त्याला सांगून पाहा. अडचण आहे ती आपल्या शहरांच्या कडेला. हायवेलगत शेतं तुकड्यातुकड्यांनी एनए होतात, आधी प्लॉट पडतात, मग बंगले, बस कधीतरी नंतर. गाडी पंधरा वर्षांत भंगारात जाते. आखलेला रस्ता दीडशे वर्षं हलत नाही.

अटलांटा आता डागडुजी करतंय. रायन ग्रॅव्हेल या विद्यार्थ्याने 1999 मध्ये आपल्या प्रबंधात शहराभोवतीचे पडीक रेल्वेमार्ग जोडून एक वळसा सुचवला होता. तो 'बेल्टलाइन' म्हणून बांधला जातोय: पायवाटा, बागा, लगत घरं. 45 वस्त्या त्याने जोडल्या जातील. लांबी सुमारे 35 किलोमीटर, म्हणजे बर्तोंच्या 3,400 किलोमीटरांचा शंभरावा हिस्सा. आणि तो पुरा करायला 2030 ची मुदत आहे.