नेआ इओनिया : अदलाबदलीतून उभे राहिलेले उपनगर

कार्ल्याच्या चैत्यगृहातील स्तंभांवर ज्या दात्यांची नावे कोरलेली आहेत, त्यांत काही 'यवन' आहेत. जुन्नर आणि नाशिक येथील लेण्यांतही ते भेटतात. सम्राट अशोकाच्या शिलालेखांत 'योन' येतात, आणि 'मिलिंदपञ्ह' हा ग्रंथ तर एका यवन राजाच्या प्रश्नांवरच उभा आहे. या शब्दाचे मूळ आशिया मायनरच्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या, पश्चिम किनाऱ्यावरील 'इओनिया' या प्रदेशाच्या नावात आहे. तेथील ग्रीकांशी संबंध आलेल्या पौर्वात्यांनी पुढे सर्वच ग्रीकांना त्या नावाने ओळखले. त्या मूळ इओनियात आज ग्रीक वस्ती जवळजवळ उरलेली नाही. तिचे नाव धारण करणारे एक शहर मात्र ग्रीसची राजधानी अथेन्स हिच्या उत्तरेस, तिला अगदी लागून वसलेले आहे. त्याचे नाव नेआ इओनिया, म्हणजे 'नवे इओनिया'.

अथेन्सच्या मध्यभागापासून हे अंतर आठ किलोमीटरच्या आसपास आहे. पिरेअस बंदराहून किफिसियाकडे जाणाऱ्या मेट्रोवर या शहराची स्थानके लागतात. साडेचार चौरस किलोमीटरच्या आतबाहेर क्षेत्रफळ, आणि 2011 च्या जनगणनेनुसार सुमारे 67 हजार लोकवस्ती. प्रवासवर्णनांत अ‍ॅक्रोपोलिसची पाने संपत नाहीत. या शहराच्या वाट्याला एक ओळही येत नाही. येथे संगमरवरी मंदिरे नाहीत, हे खरे. परंतु विसाव्या शतकातील एका मोठ्या राजकीय प्रयोगाचा परिणाम पाहावयाचा असेल, तर अ‍ॅक्रोपोलिसपेक्षा हीच जागा अधिक बोलकी आहे असे आम्हांस वाटते.

पहिल्या महायुद्धानंतर ग्रीक सैन्य आशिया मायनरमध्ये उतरले आणि 1922 मध्ये तेथे त्याचा दारुण पराभव झाला. सप्टेंबरमध्ये स्मिर्ना शहर जळाले आणि लाखो ख्रिस्ती लोक जीव मुठीत धरून समुद्रापलीकडे पळाले. त्यानंतर 30 जानेवारी 1923 रोजी लोझान येथे ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यात लोकसंख्येच्या अदलाबदलीचा करार झाला. ही अदलाबदल सक्तीची होती. इस्तंबूलचे ग्रीक आणि पश्चिम थ्रेसचे मुसलमान एवढेच काय ते तिच्यातून वगळले गेले. सुमारे बारा लाख ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती ग्रीसमध्ये आले, तर साडेतीन ते चार लाख मुसलमान ग्रीस सोडून तुर्कस्तानात गेले. कोण ग्रीक आणि कोण तुर्क, हे ठरविताना भाषा पाहिली गेली नाही, माणसाची इच्छाही विचारली गेली नाही. धर्म तेवढा पाहिला गेला. कप्पाडोकियाचे कित्येक ख्रिस्ती घरात तुर्की बोलत आणि तीच तुर्की ग्रीक लिपीत लिहीत. क्रीट बेटावरील कित्येक मुसलमानांना ग्रीकवाचून दुसरी भाषा येत नव्हती. दोघांनाही 'आपल्या' देशात पाठविण्यात आले.

सुमारे पन्नास लाखांच्या देशात बारा लाख माणसे आली. शाळा, चर्च, गोदामे माणसांनी भरून गेली. अथेन्सच्या नगर-नाट्यगृहातील प्रेक्षकांच्या एकेका कक्षात एकेक कुटुंब राहत होते. शहराबाहेरच्या मोकळ्या जमिनींवर वसाहती आखल्या जाऊ लागल्या, त्यांतली एक पोदारादेस नावाच्या माळरानावर होती. जून 1923 मध्ये कर्नल निकोलाओस प्लास्तिरास यांच्या हस्ते तिची पायाभरणी झाली. तेच आजचे नेआ इओनिया. नाव किनाऱ्याचे असले, तरी येथे आलेल्यांत मोठा भरणा अनातोलियाच्या आतील भागातल्या आणि काळ्या समुद्राकाठच्या लोकांचा होता. याच वर्षी राष्ट्रसंघाच्या देखरेखीखाली निर्वासित पुनर्वसन आयोग स्थापन झाला. हेन्री मॉर्गेन्थाउ हे त्याचे पहिले अध्यक्ष. 1924 मध्ये सुमारे 1 कोटी 23 लाख पौंडांचे आंतरराष्ट्रीय कर्ज उभारण्यात आले. त्यातील मोठा वाटा उत्तरेकडील मॅसिडोनियात शेतकरी वसविण्यावर खर्च झाला. शहरी निर्वासितांच्या वाट्याला लहान घरे आली, आणि त्यांचे पैसेही त्यांच्याकडून वसूल व्हावयाचे होते.

आता एक प्रश्न. धर्म एक, देश एक, नागरिकत्वही लगोलग मिळालेले. मग समाज एक झाला का? स्थानिक लोक या नवागतांना 'तुर्कांचे बियाणे' म्हणत. दुसरी शिवी याहून विलक्षण होती : 'दह्यात बाप्तिस्मा झालेले'. त्यांच्या स्वयंपाकात दही फार, म्हणून त्यांचा बाप्तिस्माही पाण्याचा नव्हे, असा तिचा रोख. माणसाच्या ताटावरून त्याची पायरी ठरविण्याची ही रीत आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. निर्वासितांतही पुन्हा प्रतवारी होतीच. ज्यांनी थोडाफार पैसा वाचवून आणला होता, अशा सुखवस्तू कुटुंबांसाठी अथेन्सच्या दक्षिणेस नेआ स्मिर्नी हे प्रशस्त उपनगर आखले गेले. नेआ इओनिया मात्र कामकऱ्यांचे शहर झाले.

आणि त्या कामकऱ्यांत बाया व मुली मोठ्या संख्येने होत्या. तुर्कस्तानात पुष्कळ पुरुष सक्तीच्या मजूर-पलटणींत नेले गेले होते आणि त्यांतले अनेक परतलेच नाहीत. पिसिदियातील स्पार्ता, म्हणजे आजचे इस्पार्ता, हे गालिच्यांसाठी प्रसिद्ध. तेथून आलेल्यांनी सामान मागे टाकले, पण गाठ मारण्याचे कसब बोटांत घेऊन आले. नेआ इओनियात गालिच्यांचे माग उभे राहिले, पाठोपाठ सूत आणि लोकरीच्या गिरण्या आल्या. कारखानदारांच्या दृष्टीने हे सोयीचेच होते : कसबी हात, जवळ वस्ती, आणि भुकेपोटी स्वीकारलेली तुटपुंजी मजुरी. ग्रीसच्या कापड उद्योगाचा इतिहास लिहिताना यंत्रांची आणि मालकांची नावे सापडतात. मागावर बसलेल्या दहा-बारा वर्षांच्या मुलीचे नाव शोधावे लागते.

या अदलाबदलीचा आपल्या देशाशी संबंध आहे, आणि तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीतून आलेला आहे. 1940 साली प्रसिद्ध झालेल्या 'थॉट्स ऑन पाकिस्तान' या ग्रंथात त्यांनी ग्रीस, तुर्कस्तान व बल्गेरिया यांचे उदाहरण दिले. अपुरी साधने असलेल्या या लहान देशांना जे जमले, ते भारताला अशक्य मानण्याचे कारण नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. हा भाग पुष्कळांनी उद्धृत केला आहे. पण पुढे याच ग्रंथाच्या विस्तारित रूपात त्यांनी स्थलांतर सक्तीचे असावे की ऐच्छिक, याचाही विचार केला आणि कौल ऐच्छिकतेच्या बाजूने दिला. ज्यांना जावयाचे आहे त्यांना अडथळ्याविना आणि नुकसानीविना जाता यावे, एवढीच त्यांची मागणी होती. हा दुसरा भाग वाचल्याशिवाय पहिला वाचणे अपुरे आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

'नुकसानीविना' या एका शब्दावर नेआ इओनियाच्या लोकांचे काय झाले पाहा. मागे राहिलेल्या घरादारांची, शेतांची, दुकानांची भरपाई मिळेल या आशेवर त्यांनी सात वर्षे काढली. जून 1930 मध्ये पंतप्रधान वेनिझेलोस यांच्या सरकारने अंकारा येथे तुर्कस्तानशी करार केला आणि दोन्हीकडच्या मालमत्तांचे दावे परस्पर फिटले असे मानले गेले. तुर्कस्तानात सोडलेली मालमत्ता कितीतरी अधिक होती, तरीही. निर्वासितांची मते तोवर बहुतांशी वेनिझेलोस यांच्याच पाठीशी होती; त्यानंतर त्यांतील अनेक दुरावले, काही डाव्या चळवळीकडे वळले. जर्मन आधिपत्याच्या काळात या वस्त्यांनी प्रतिकाराला माणसे पुरविली आणि त्याची किंमतही मोजली. मार्च 1944 मध्ये शहराच्या कालोग्रेझा भागाला वेढा घालून 22 जणांना गोळ्या घालण्यात आल्या.

1934 पासून नेआ इओनियाला स्वतःची नगरपालिका आहे. 1956 मध्ये विजेवरची रेल्वे येथवर पोहोचली. ग्रीसचा अतिशय लोकप्रिय गायक स्तेलिओस काझांझिदिस 1931 मध्ये याच वस्तीत, निर्वासित आईबापांच्या पोटी जन्मला. गायक होण्यापूर्वी त्याने अंगमेहनतीची कामे केली. 1960 नंतर ग्रीक मजूर जर्मनीच्या कारखान्यांकडे निघाले, तेव्हा परदेशी राबणाऱ्यांचे दुःख त्याच्या गळ्यातून घराघरांत पोहोचले. पुढे गिरण्या एकेक करून बंद पडल्या.

शहरातील वस्त्यांची नावे अजून तीच आहेत. साफ्राम्पोली हे सॅफ्रानबोलूवरून, इनेपोली हे काळ्या समुद्रावरील इनेबोलूवरून, नेआपोली हे नेव्हशेहिरवरून. तुर्कस्तानातील सॅफ्रानबोलूच्या जुन्या घरांना 1994 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान आहे आणि ती पाहावयास दूरदूरचे लोक जातात. नेआ इओनियातील निर्वासितांची बैठी घरे बहुतेक पाडली गेली असून त्या जागी सदनिकांच्या इमारती उभ्या आहेत.