टेनिस, वजन आणि दमसास

(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या गावच्या जिमखान्यातील लाल मातीच्या कोर्टावर माझे वडील पाणी मारतात, रोलर फिरवतात आणि चुन्याच्या रेषा आखतात. शाळेत असताना मी तेथे संध्याकाळी चेंडू गोळा करीत असे. त्यामुळे टेनिस मी खेळलो नंतर, पाहिले आधी. आणि तेही जाळीच्या खांबापाशी उकिडवे बसून. तेथून खेळाडूचा चेहरा कमी आणि पाय अधिक दिसतात.

तेथे रोज येणारे एक वकीलसाहेब अंगाने चांगलेच भरलेले होते. त्यांचा हात इतका सफाईदार, की पंचविशीतल्या तरुणांना ते पहिल्या सेटमध्ये सहज हरवीत. दुसऱ्या सेटच्या मध्यावर मात्र त्यांचे पाय जड होत, चेंडू जाळीत जाऊ लागे आणि हातात आलेला सामना निसटे. "वजन नडले!" असे सगळे म्हणत. पण खरोखर काय नडते? वजन की दम? हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात आहे. वाचून, विचारून आणि स्वतः खेळून जे उमगले, ते येथे मांडतो.

एकेरीच्या कोर्टाची लांबी ७८ फूट आणि रुंदी २७ फूट असते. म्हणजे एका खेळाडूला सांभाळावे लागते ते ३९ फुटांचे अंगण. यात लांब पळणे नसते. चार-सहा पावले धावायचे, थांबायचे, वळायचे आणि परत मध्यावर यायचे. बहुतेक गुण दहा सेकंदांच्या आत संपतात. तासाभराच्या खेळात चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो तो जेमतेम दहा-पंधरा मिनिटे, मातीच्या कोर्टावर थोडा जास्त. तेव्हा टेनिस म्हणजे शेकडो छोट्या धावा आणि त्यांच्यामधली छोटी विश्रांती.

वजनाचा संबंध येतो तो येथे. भरलेली बैलगाडी ओढायलाही जड आणि थांबवायलाही जड. ८५ किलोच्या देहाला तोच वेग देण्यास व तो वेग रोखण्यास ६० किलोच्या देहापेक्षा अधिक जोर लागतो. तो जोर मांड्या, गुडघे व घोटे यांनी पुरवायचा. गुडघेदुखी असलेल्या स्थूल व्यक्तींच्या अभ्यासात असे आढळले आहे, की वजन १ किलोने घटले तर साध्या चालण्यातही गुडघ्यावरील भार दर पावलाला सुमारे ४ किलोने घटतो. धावता-थांबताना काय होत असेल, याची कल्पना करावी. शिवाय कातडीखालचा मेद शरीरातील उष्णता कोंडून ठेवतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात म्हणूनच जड खेळाडू लवकर तापतो आणि घामाघूम होतो.

मग वजन हा निव्वळ शत्रू समजावा काय? तसे नाही. काटा मेद आणि स्नायू यांत भेद करीत नाही. मांडीचे स्नायू वजनात भर घालतात, पण ते ओझे स्वतःच ओढतात. मेद नुसता पाठीवर बसतो. फटक्याचा जोर देहाच्या वजनावर अवलंबून असतो, हाही एक गैरसमज आहे. चेंडू असतो ५६ ते ५९ ग्रॅमचा. त्याला वेग मिळतो तो रॅकेटच्या वेगातून, आणि तो वेग पायापासून कमर, खांदा, मनगट असा चढत जातो. रामनाथन कृष्णन १९६० व १९६१ साली विम्बल्डनच्या उपांत्य फेरीत पोहोचले, ते आडदांड ताकदीवर नव्हे, तर अचूक हाताच्या बळावर.

दमसास मात्र कमवावा लागतो. मार्टिना नवरातिलोवा १९७५ साली चेकोस्लोव्हाकिया सोडून अमेरिकेत आली. तेथील खाण्यामुळे तिचे वजन बरेच वाढले होते. १९८१ पासून बास्केटबॉलपटू नॅन्सी लीबरमन हिच्या देखरेखीखाली तिने धावणे, वजने उचलणे आणि आहार यांची कडक शिस्त लावून घेतली. हात तोच होता, देह नवा घडला. १९८३ च्या संपूर्ण वर्षात तिने ८६ सामने जिंकले आणि एकच गमावला.

आमच्या वकीलसाहेबांनीही एकदा मनावर घेतले. पण मार्ग चुकला. भर मे महिन्यात त्यांनी एकवेळच जेवायला सुरुवात केली. आठवड्यात काटा खाली आला, तेव्हा ते खूश झाले. दहाव्या दिवशी सर्व्हिस करता करता ते कोर्टावरच बसले. माझ्या वडिलांनी त्यांना सावलीत नेले, मी माठातले पाणी आणले. अशा घाईने उतरते ते बरेचसे पाणी आणि स्नायू. मेद हळूहळूच जातो.

येथपर्यंत लिहून थांबलो असतो, तर हा लेख फक्त जाड माणसांसाठी झाला असता. पण मित्रांनो, मी स्वतः ४९ किलोचा आहे. गेल्या वर्षी महाविद्यालयाच्या संघनिवडीत पहिला सेट जिंकून मी तिसऱ्यात हरलो. डोळ्यांपुढे अंधारी आली होती. "काटक आहेस, मग दमलास कसा?" असे एका मित्राने विचारले. त्या दिवशी मी चहा आणि पावावर खेळलो होतो, हे सांगायची मला लाज वाटली. स्नायूंत साठलेली साखर संपली, की देह हलका असून उपयोग नसतो. रिकामी गाडी हलकी असली तरी बैल उपाशी असेल तर ती जागची हलत नाही. वकीलसाहेब आणि मी, दोघे एकाच ठिकाणी बसलो. ते जास्त होते म्हणून, मी कमी होतो म्हणून.

यावर फार खर्चाचे उपाय नाहीत. खेळापूर्वी दोन-तीन तास भाकरी, भात, वरण असे साधे जेवण घ्यावे. मध्ये केळे खावे, मीठ-साखरेचे पाणी प्यावे. आठवड्यातून तीन दिवस दोरीवरच्या उड्या, बैठका आणि कोर्टाच्या रुंदीइतक्या छोट्या धावा कराव्यात. खेळाआधी व नंतर वजन करावे. जे घटते तो घाम असतो. ६० किलोच्या खेळाडूचे सव्वा किलो घटले, तर तो पाणी कमी पितो असे समजावे. एवढ्या घटीनेही खेळ उतरू लागतो.

आपल्या जिमखाना विभागाला एक नम्र विनंती आहे. संघनिवडीच्या वेळी खेळाडूचा हात पाहाच, पण एक वजनकाटा ठेवा आणि "सकाळी काय खाल्लेस?" हेही विचारा. निदान माझ्यासारख्याला खरे उत्तर देणे सोपे जाईल.

यंदा मी पुन्हा निवडीला उतरणार आहे. वजन ५३ किलोवर न्यायचे ठरवले आहे. आई रोज डब्यात दोन भाकऱ्या जास्त देते, आणि संध्याकाळी वडिलांच्या हातचा रोलर मी ओढतो. तिसऱ्या सेटची तयारी तेथेच चालू आहे.