भित्र्या कुत्रीला घर शोधताना

गेल्या पावसाळ्यात वस्तीमागच्या नाल्याकाठी एक तरणी कुत्री आम्हाला सापडली. रिक्षाच्या धक्क्याने मागचा पाय दुखावलेला, अंगावर गोचिड्या, आणि कोणी जवळ गेले की नुसती थरथर. रविवारी विहारात वंदनेला जमणाऱ्या आम्ही पाचजणींनी तिला गोणपाटात गुंडाळून जनावरांच्या दवाखान्यात नेले. पाय बरा झाला, भीती गेली नाही. कायम कशाच्या तरी आड बसते म्हणून पोरांनी तिचे नाव ठेवले सावली.

पहिले घर निवडताना आम्ही चुकलो. माणसे प्रेमळ होती, घरात तीन मुले, खायची ददात नाही. एवढ्या मायेत भीती आपोआप जाईल, असे वाटले. चौथ्या दिवशी धाकट्याने खाटेखाली हात घालून तिला बाहेर ओढले आणि तिने दात लावला. घरच्यांनी जखमेत हळद भरली. आम्ही ती लगेच नळाखाली साबणाने धुवायला लावली आणि मुलाला सरकारी दवाखान्यात नेले.

इथे आरोग्याची गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. कुत्रे चावले किंवा नुसते ओरखडले तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवायची. हळद, चुना, मिरची काहीही लावायचे नाही. त्याच दिवशी लस सुरू करायची आणि डॉक्टर सांगतील ते सगळे डोस पुरे करायचे. जखम खोल असेल तर लसीबरोबर जखमेत वेगळे इंजेक्शनही द्यावे लागते. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. वेळेवर लस घेतली तर रोग टळतो. मुलांना बजावून ठेवा, चावले तर मारणार नाही, पण लपवू नका.

सावली वाईट नव्हती. पळायला जागा उरली नाही की भित्रे कुत्रे चावते. त्याआधी ते सांगत असते. शेपूट पायांत घालते, कान मागे पाडते, तोंड फिरवते, भूक नसताना ओठ चाटते. हे दिसले की आपण मागे सरायचे.

दुसरे घर मिळाले एका आजींचे. महापालिकेत झाडूकाम करून निवृत्त झालेल्या, दहा बाय दहाच्या खोलीत एकट्या. आम्ही स्पष्टच सांगितले, "आजी, ही तुमच्या मांडीवर यायची नाही."

"नको येऊ दे," आजी म्हणाल्या. "मला कुठं घाई आहे?"

आजींनी मोरीजवळच्या कोपऱ्यात पोते अंथरले, पुढे जुनी साडी टांगली. त्या कोपऱ्यात कोणी हात घालायचा नाही, हा नियम. भाकरीचा काला ठेवायचा आणि पाठ फिरवून बसायचे. डोळ्यांत डोळे घालायचे नाहीत, डोक्यावर वाकून हात ठेवायचा नाही. पहिले अकरा दिवस सावली फक्त रात्री जेवली. तिसऱ्या महिन्यात एका दुपारी ती स्वतःहून येऊन आजींच्या पायाशी बसली. आजी हलल्यासुद्धा नाहीत.

म्हणून घर देताना आता आम्ही खोली किती मोठी हे विचारत नाही. दिवसभर घरात कोण असते? लहान मुले ऐकणारी आहेत का? दारू पिऊन आरडाओरड होते का? गावी गेल्यावर कोण बघेल? जमले नाही तर तिला रस्त्यावर न सोडता आमच्याकडे परत आणाल का? शेवटच्या प्रश्नाला "हो" आले नाही तर आम्ही कुत्रे देत नाही.

घर मिळाले तरी रेबीजची लस दरवर्षी हवी. जंताचे औषध आणि नसबंदी डॉक्टरांना विचारून करा. कांदा-मसाल्याचा रस्सा आणि शिजलेली हाडे देऊ नका. हाडाची फोड आतड्यात रुतते. दिवाळीत आणि १४ एप्रिलच्या मिरवणुकीत दार लावून कोणीतरी तिच्याजवळ थांबा. जयंती आपली आहे, तिला फक्त आवाज कळतो.

बाबासाहेबांचा राजगृहातला १९३४ सालचा कुटुंबासोबतचा फोटो अनेक घरांत आहे. नीट पाहा, त्यात माता रमाई आहेत, यशवंतराव आहेत आणि टॉबी नावाचे कुत्रेही आहे. पहिले शील आपण रोज म्हणतो. मुक्या जीवाला मारायचे नाही, एवढ्यावर ते संपत नाही; त्याची भीती जाईपर्यंत थांबणे, हेही त्यातच येते.

कुकरची शिट्टी झाली की सावली आजही साडीआड जाते. आजी गॅस बारीक करतात आणि म्हणतात, "ये गं, झालं."