लॅपटॉप मंदावला: दोष अपडेटचा की रॅमचा?

लॅपटॉप रेंगाळू लागला की दोन सल्ले हमखास मिळतात: अपडेट बंद कर आणि रॅम वाढव. पहिला धोक्याचा आहे, दुसरा अर्धवट. अपडेट ही सुरक्षिततेची गरज आहे, तर रॅम किती हवी हे आपल्या कामावर ठरतं. या दोन गोष्टींची गल्लत केली की पैसे जातात आणि दुखणं तसंच राहतं.

अपडेटनंतर लॅपटॉप मंदावतो, ही तक्रार खोटी नाही. मोठ्या अपडेटनंतर फाइलींची शोधसूची नव्यानं तयार होण्यासारखी कामं मागे चालू असतात, पण ती संपली की बहुधा वेग पूर्ववत होतो. अपडेट टाळण्याची किंमत मात्र जबर असते. मायक्रोसॉफ्टनं विंडोजमधलं एक भगदाड मार्च २०१७मध्ये बुजवलं होतं. तरी मे महिन्यात ‘वॉनाक्राय’ हा खंडणीखोर व्हायरस त्याच वाटेनं शिरला आणि ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांचं काम ठप्प झालं. दुरुस्ती उपलब्ध होती, अनेकांनी ती घेतली नव्हती.

यावर आक्षेप येतो की जुन्या लॅपटॉपला नवी विंडोज झेपत नाही, म्हणून आधी रॅम टाकावी. पण विंडोज ११ची किमान अट केवळ ४ जीबी रॅमची आहे. जुने लॅपटॉप अडतात ते टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि प्रोसेसर यांपाशी. इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. रॅम १६ जीबी केली तरी ही अट पूर्ण होत नाही. विंडोज १०चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, त्यामुळे अशा लॅपटॉपवर लिनक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम टाकणं हाही चांगला मार्ग आहे.

मग रॅम कधी घ्यावी? नेहमीची कामं चालू असताना कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. ‘परफॉर्मन्स’मध्ये मेमरी सतत ९० टक्क्यांच्या आसपास दिसली, तर रॅम खरोखर अपुरी आहे. मेमरी मोकळी असून डिस्क १०० टक्क्यांवर अडकत असेल, तर बहुतेक वेळा जुनी हार्ड डिस्क दोषी असते. तिथे तिच्या जागी एसएसडी बसवल्यानं जो फरक पडतो, तो रॅमनं पडत नाही. शिवाय कोणतीही रॅम कुठेही बसत नाही. डीडीआर३, ४ आणि ५ यांच्या खाचा वेगवेगळ्या असतात, आणि अनेक पातळ लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डवरच सोल्डर केलेली असल्यामुळे ती बदलताच येत नाही.

म्हणून महत्त्वाच्या फाइलींचा बॅकअप घ्या, अपडेट आजच करा, आणि रॅमसाठी पैसे मोजण्याआधी टास्क मॅनेजरमधले आकडे पाहा.